नावं ठेवायचा तास

आमचे वर्गशिक्षक पाटोळे सर स्वतः शाळेत शिकत होते तेव्हा कार्यानुभवाच्या तासाला मुलं खडू बनवायची. साच्यात ओतायचे, वाळवायचे, आणि वर्षाच्या शेवटी त्यातले निम्मे फळ्यावर टेकवले की मोडायचे. आमच्या तासाला आम्ही हातांना नावं देतो. म्हणजे द्यायचो. सध्या तो तास बंद आहे, तो माझ्यामुळे बंद आहे, आणि नववी ब मधल्या बारा जणी माझ्याशी धड बोलत नाहीत. सगळं क्रमानं सांगते, कारण मला मधूनच सुरुवात करायची सवय आहे आणि माझी मैत्रीण इकरा म्हणते, त्यामुळे माझं खरंसुद्धा थापेसारखं वाटतं.

मी स्वरांजली ऐवळे. मिरजेत राहते, मुलींच्या शाळेत जाते. दीड वर्षापूर्वी हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. सर दोनदा नाव घ्यायचे आणि शेवटी इकरा बागवान माझ्या वतीनं हात वर करायची. मग हा नवा तास सुरू झाला, पहिल्याच महिन्यात गुणांच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर लागलं, आणि मला बोलता यायला लागलं. थोडं नाही, फार. बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, सरांच्या वाक्यांच्या मध्ये. आपल्याला काहीतरी येतं हे कळलं की माणूस किती मोकळं होतं, ते तेव्हा मला कळलं. त्याला मोकळं म्हणावं की सुटलेलं, हा पुढचा भाग.

काम असं होतं. वृद्धनिवासांमध्ये आता प्रत्येक खाटेच्या वर छताला एक डोळा असतो. तो फोटो साठवत नाही. त्याला फक्त हात ओळखता येतात, आणि प्रत्येक हाताचे तो एकवीस ठिपके करतो: मनगटाचा एक, बोटांचे चार-चार. ठिपके रेषांनी जोडले की पडद्यावर हिरव्या काड्यांचा हात हलताना दिसतो. चेहरा नाही, आवाज नाही, बांगडी नाही, कातडीचा रंग नाही. खाटेवरचं माणूस म्हणजे एक राखाडी ढीग. बारा सेकंदांची क्लिप बघायची आणि खालचं एक बटण दाबायचं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, कपडे, रिकामा वेळ. सहावं बटण होतं ‘इतर’. त्यात नाव आपलं आपण टाइप करावं लागायचं, म्हणून ते कुणी दाबायचं नाही.

मशीनला ‘भरवणं’ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. हिरव्या काड्या वरखाली होताना त्याला हजार वेळा दाखवायच्या आणि दर वेळी ‘भरवणं’ म्हणायचं. मग हजार एकाव्या वेळी ते आपणहून म्हणतं, भरवणं. लहान बाळाला आपण काऊ दाखवतो तसंच. फरक एवढाच, की बाळ कधीतरी आपलं बोट सोडून स्वतः कावळ्याकडे बघतं. मशीन बघत नाही. आपण कबुतराला काऊ म्हटलं, तर त्याच्यापुरती जगातली सगळी कबुतरं काऊ.

चाळीस निवासांमधल्या क्लिपा नऊ शाळांमध्ये वाटल्या होत्या. आमच्या नावांवरून ‘ताल’ नावाची यंत्रणा शिकत होती. ती पुढे मावश्यांच्या मनगटावर पट्टा होऊन बसणार होती. मावश्या म्हणजे निवासात भरवणाऱ्या, पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या बायका. सिस्टर सुई देतात, बाकी सगळं मावश्या करतात. कुठल्या खाटेकडे आधी जायचं ते पट्टा सांगणार, आणि वेळ वाया गेला की मनगटावर थरथरणार. म्हातारी माणसं खूप झाली आहेत आणि मावश्या कमी, म्हणून प्रत्येक सेकंद मोलाचा, असं कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. पुस्तिका चौदा पानांची होती. मी पहिली चार पानं वाचली.

एक क्लिप तिघींकडे जायची. दोघींचं उत्तर जुळलं की ते पक्कं. जिचं उत्तर जास्त वेळा जुळेल तिचे विश्वासगुण वाढायचे, आणि नऊशेच्या वर गेले की तिचं एकटीचं उत्तर पुरायचं. माझे नऊशे सत्तर होते. कारण मी युक्ती काढली होती. क्लिप दुप्पट वेगानं लावायची. हात हलला तर काम. हात थांबला तर रिकामा वेळ. डोकं वापरायचं नाही. एका तासात माझ्या दोनशे ऐंशी क्लिपा व्हायच्या. ही युक्ती मी अख्ख्या वर्गाला शिकवली, फळ्यापाशी उभं राहून, खडू हातात घेऊन. त्या दिवशी घरी जाताना मला वाटत होतं, मी जमिनीवरून चालत नाहीये.

आता कळतं. आम्ही सगळ्या एकच चूक करत होतो म्हणून एकमेकींशी जुळत होतो, आणि जुळत होतो म्हणून मशीनला वाटलं आम्ही बरोबर आहोत. गणितात कॉपी केली की सर सारख्या चुकीवरूनच पकडतात. इथं सारख्या चुकीला गुण मिळत होते.

इकरानं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, ‘‘नावं द्यायचा कसला, नावं ठेवायचा तास आहे हा.’’ वर्ग हसला. आणि आम्ही खरंच नावं ठेवायला लागलो. चार महिने तेच हात बघितल्यावर हिरव्या काड्यासुद्धा ओळखीच्या होतात. एक हात सारखा डोकं खाजवायला जायचा, त्याचं नाव ऊ मावशी. एक भराभर चालायचा, ती मेल एक्स्प्रेस. आणि एक हात होता ज्याची उजवी करंगळी वाकायची नाही. चार बोटं मिटायची, करंगळीची रेघ आपली सरळ, कागदावर पट्टीनं ओढल्यासारखी. तिचं नाव मी ठेवलं. काडी.

काडी सगळ्यात आळशी होती. तिचा हात खाटेवरच्या ढिगाजवळ यायचा आणि ढिगाच्या वर चार बोटं अंतरावर थांबायचा. पाच सेकंद, सात सेकंद, एकदा तर अकरा. काहीच करायचा नाही. मग ढिगाला टेकायचा. काडी आली की मी क्लिप पूर्ण बघायचेच नाही, डोळे मिटून ‘रिकामा वेळ’. ‘कामचोर काडी’ हेसुद्धा मीच म्हटलं. इकरानं त्याचं स्टिकर केलं: हिरवा हात, सरळ करंगळी, आणि वर तीन वेळा ‘झ’, झोप लागल्यासारखे. वर्गाच्या ग्रुपवर कुणी गृहपाठ केला नाही की ते स्टिकर पडायचं. सरांनीही एकदा टाकलं.

माझी आई बारा वर्षं सायंतारा निवासात मावशी आहे. शालन मावशी. हे मी आतापर्यंत सांगितलं नाही, कारण तेव्हा ते माझ्याही डोक्यात येत नव्हतं. आईचं काम म्हणजे माझ्यासाठी फिनेलचा वास आणि दोन पाळ्या. जेवताना ती तिथल्या गोष्टी सांगायची, मी ‘हं’ म्हणायचे आणि ताटाशेजारी मोबाइल चालू असायचा. तिच्या बोलण्यात एक हिंगमिरे मास्तर सारखे यायचे. चित्रकलेचे मास्तर होते, झटका आल्यापासून बोलता येत नाही आणि डाव्या बाजूचं दिसत नाही. मला एवढंच लक्षात होतं. आणि आईची उजवी करंगळी मी जन्मल्यापासून बघतेय. लोखंडी कपाटाच्या दारात सापडली होती, तेव्हापासून वाकत नाही. त्याच हातानं ती माझी वेणी घालते.

डिसेंबरमध्ये ताल सायंतारात आली. आई पट्टा घरी घेऊन यायची, रात्रभर चार्जिंगला लावायला. हात हलतोय की थांबलाय, ते त्याला छतावरच्या डोळ्याशिवायही कळायचं, आणि त्यावर रंग यायचा. हिरवा म्हणजे चांगलं काम, पिवळा बरं, लाल वाईट. आईचा कायम लाल. मी एकदा तिला अगदी शहाण्यासारखं समजावलं होतं की आई, सिस्टिम बरोबर असते, तू कुठं वेळ घालवतेस ते बघ. ती म्हणाली, बघते.

जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी ती कामावरून आली आणि म्हणाली की एक तारखेपासून तिला लाँड्रीत टाकणार आहेत. पगार तोच. पण खाटांजवळ जायचं नाही, चादरी धुवायच्या, वाळवायच्या. मी म्हटलं, बरंच झालं की, कमी त्रास. ती चहा करून प्यायली. मग पट्टा परत मनगटावर चढवला आणि म्हणाली, ‘‘स्वरा, जरा आडवी हो बघू. मास्तर हो.’’

तिला सराव करायचा होता. पट्टा कुठं थरथरतो ते सापडलं तर तेवढं टाळता येईल, मग लाँड्री चुकेल, असं तिनं ठरवलं होतं. मी कॉटवर आडवी झाले आणि गंमत म्हणून तोंड वाकडं केलं. ती हसली नाही. मास्तर तोंड वाकडं करत नाहीत, भिंतीकडे बघतात, म्हणाली. मी भिंतीकडे बघितलं.

ती मागून आली. काही झालं नाही. आणि मग पट्टा थरथरला, भिंतीतून मोठी माशी गेल्यासारखा. ‘‘परत,’’ ती म्हणाली. परत आली, परत थरथर. तिसऱ्यांदाही. मी वैतागून मान वळवली आणि वर बघितलं.

माझ्या खांद्याच्या वर, चार बोटं अंतरावर, तिचा हात थांबला होता. मागे ट्यूबलाइट. बोटं थोडी मिटलेली. करंगळी सरळ.

मला आधी हिरव्या काड्या दिसल्या आणि नंतर आईचा हात दिसला. या क्रमाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

‘‘तू काय करतेस अशी थांबून?’’ मी विचारलं. माझा आवाज हजेरीच्या वेळचा झाला होता.

‘‘विचारते.’’

‘‘कुणाला?’’

‘‘खांद्याला.’’ तिला हे सांगताना अवघडल्यासारखं झालं, कारण हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. ‘‘मास्तरांना या बाजूचं दिसत नाही. एकदम हात लावला की दचकतात, आणि एकदा दचकले की दिवसभर तोंड उघडत नाहीत. म्हणून हात असा धरायचा. आपली ऊब पोचते त्यांना. मग खांदा सैल पडतो. म्हणजे हो.’’

‘‘आणि सैल नाही पडला तर?’’

‘‘म्हणजे नाही. मग हात काढून घ्यायचा. थोड्या वेळानं परत विचारायचं.’’ ती कॉटच्या कडेला बसली. ‘‘आता नाही विचारलं की पट्टा गप्प राहतो. पण माझा हातच थांबतोय गं, मी काय करू? मी काल मोजलं, मनातल्या मनात एक म्हणेस्तोवर लावायचा असं ठरवलं. तरी थांबला.’’

मी सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, मला गृहपाठ आहे.

त्या रात्री मी पुस्तिका उघडली. सहावं पान. ‘हात तीन सेकंदांहून अधिक स्थिर असल्यास क्लिप मूळ वेगाने पूर्ण पाहावी. स्थिरतेचे कारण असू शकते. आवश्यक तेथे इतर हा पर्याय निवडून नाव लिहावे.’ म्हणजे कंपनीलासुद्धा शंका होती. त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर न देता बटण दाबलं होतं, तीन हजार एकशे चाळीस वेळा.

शनिवारी शाळेत सत्कार होता. नऊ शाळांमधून माझा पहिला नंबर आला होता. प्रमाणपत्र, आणि मे महिन्यात बंगळुरूला पंधरा दिवसांचं शिबिर. कंपनीचे एक साहेब आले होते. आईनं सुट्टी टाकली होती. मोरपंखी साडी नेसून ती दुसऱ्या रांगेत बसली होती, इकराच्या अम्मीच्या शेजारी. मी खिशात चार ओळी लिहून नेल्या होत्या. ठरवलं होतं की माइक हातात आला की खरं सांगायचं.

आधी पडद्यावर एक छोटी फिल्म लावली. वर्गानं कसं काम केलं, हसतखेळत, वगैरे. आम्ही बाकावर, सर खुर्चीत, मी फळ्यापाशी. आणि मग, पूर्ण पडदाभर, ते स्टिकर. सरळ करंगळी, तीन ‘झ’, खाली ‘कामचोर काडी’. साहेबांनी हौसेनं समजावलं की ही एका निवासातली खरी कर्मचारी, मुलींनी वेळेचा अपव्यय किती गमतीनं टिपला बघा. सभागृह हसलं.

आईसुद्धा हसली. सगळे हसत होते म्हणून हसली. मग तिचं हसू तसंच राहिलं आणि नजर पडद्यावर अडकली. मला स्टेजवरून स्पष्ट दिसलं. तिनं मांडीवरचा उजवा हात बघितला, आणि सावकाश पदराखाली घेतला.

माइक माझ्या हातात आला. मी म्हटलं, सातत्य आणि वेग या दोन गोष्टींमुळे मी इथवर पोचले, माझ्या शिक्षकांचे आभार. टाळ्या पडल्या. आई डाव्या हातानं मांडीवर थापट्या मारत होती, कारण एका हातानं टाळी वाजत नाही.

घरी येताना आम्ही बस सोडली आणि चालत निघालो. प्रमाणपत्राची नळी माझ्या काखेत होती. औषधांच्या दुकानांची रांग संपली तेव्हा आईनं विचारलं, ‘‘ती काडी मीच ना?’’

‘‘हो.’’

‘‘तुला ठाऊक होतं?’’

‘‘आधी नाही. मंगळवारपासून.’’

‘‘कामचोर कुणी म्हटलं?’’

‘‘इकरानं,’’ मी म्हटलं. दहा-बारा पावलं गेलो. ‘‘खोटं. मीच.’’

मग मी सगळं सांगितलं. दुप्पट वेग, फळ्यावरची युक्ती, सहावं पान. तिला एकवीस ठिपके समजावून सांगताना मी नेहमीसारखी भराभर बोलायला लागले, तर ती म्हणाली, सावकाश सांग, मला पळता येत नाही तुझ्यामागं. मी सावकाश सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं, म्हणजे एकदाचं फिटलं असतं.

ती म्हणाली, ‘‘मला नावं ठेवलीस त्याचं सोड. मला ठेवायला पुष्कळ जण आहेत. पण मास्तर तीन आठवडे धड जेवले नाहीत. बाकीच्या पोरी काय करतील, पट्टा थांबू देत नाही. आणि सकाळी एकदा दचकले की मग माझ्या हातूनही खात नाहीत. शुक्रवारी डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणत होते.’’

मला वाटत होतं ही माझी आणि आईची गोष्ट आहे. तिच्या दृष्टीनं त्यात आम्ही दोघी नव्हतोच.

‘‘एवढं काय असतं गं त्या हो म्हणण्यात,’’ मी विचारलं. टोमणा नव्हता, मला खरंच कळत नव्हतं.

तिनं विचार केला. ‘‘मला कोण विचारतं सांग. घर घ्यायचं, गाव सोडायचं, पाळी बदलायची, सगळं आधी ठरतं, मग मला कळतं. तिथं मी विचारते, आणि एवढं मोठं शिकलेलं माणूस मला उत्तर देतं. रोज. बारा वर्षांत हात लावला म्हणून माझ्यावर कुणी ओरडलं नाही बघ. माझ्याजवळ तेवढंच आहे, पण ते आहे.’’

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर सायंतारात गेले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला पट्टा घालावा लागतो, मलाही घातला. लिमये मॅडम तिथल्या व्यवस्थापक, त्यांनी माझं अभिनंदनच केलं, बातमी वाचली होती. मी दारातून बघितलं. एक मावशी मास्तरांपाशी आली. बाई वाईट नव्हती, हात हलका होता, अजिबात आदळआपट नाही. हात आला आणि खांद्याला लागला. मास्तरांचं अख्खं अंग एकदा उडालं. मावशीनं चमचा पुढे केला. त्यांचे ओठ मिटलेले होते, आतून कडी लावल्यासारखे. तिनं चमचा वाटीत ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिच्या मनगटावर हिरवा दिवा लागला होता.

मी दिलेला हिरवा.

आपण दिलेलं नाव बदलता येतं, पण त्याचा एक नियम आहे. जुनी उत्तरं उघडली की विश्वासगुण शून्य होतात. म्हणजे प्रमाणपत्र गेलं, शिबिर गेलं, आणि माझं एकटीचं उत्तर पुरत नाही ते वेगळंच. प्रत्येक क्लिपला आणखी एकीनं तेच म्हणायला हवं. थोडक्यात, वर्गाला सांगणं भाग होतं.

सोमवारी कार्यानुभवाच्या तासाला मी फळ्यापाशी गेले, जिथं युक्ती शिकवली होती तिथंच. मी म्हटलं, ‘‘काडी माझी आई आहे.’’ मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, तिला तो विनोद वाटला. मग सहावं पान वाचून दाखवलं. मग म्हटलं की ते थांबणं म्हणजे विचारणं आहे, आणि आपण ते पुसून टाकलंय. आवाज मध्येच गेला, तेव्हा कुणी माझ्या वतीनं हात वर केला नाही. इकरा खाली बघत होती.

एकीनं विचारलं की आमचेही गुण शून्य होणार का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, तुझी आई आहे म्हणून तुला आत्ता सुचलं, दुसऱ्या कुणाची असती तर सुचलं असतं का? मी म्हटलं, नाही. खरंच नसतं सुचलं.

बारा जणींनी नकार दिला. चौदा जणी दुसऱ्या दिवसापासून बसल्या. मूळ वेग, पूर्ण बारा सेकंद. तासाला साठसुद्धा होईनात. सहावं बटण दाबायचं आणि लिहायचं: विचारणे. पहिली क्लिप इकरानं केली. स्टिकर तिनं आदल्या रात्रीच पुसलं होतं, मला न सांगता. म्हणाली, ‘‘करंगळी मी काढली होती ना. मग मलाच निस्तरायला हवं.’’ अकराव्या सेकंदाला हात टेकला तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘अगं, ढीग हलला.’’ मी परत लावून बघितलं. राखाडी ढीग एवढासा खाली आला होता. तो पहिल्यापासून तिथं होता. हो म्हणत होता.

कंपनीचं उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, पुढील आवृत्तीत विचार केला जाईल. शाळेचा तास चौकशी होईपर्यंत बंद. पाटोळे सर माझ्यावर रागावले आहेत की स्वतःवर, ते मला ओळखता येत नाही. लिमये मॅडमनी आमच्या क्लिपा शांतपणे बघितल्या, दोनदा बघितल्या, आणि म्हणाल्या की पट्टा बंद करणं त्यांच्या हातात नाही. नळीसाठी मात्र त्यांनी डॉक्टरांकडून आठवडा मागून घेतला. आणि एक तारखेला आई लाँड्रीत गेली.

मी रोज शाळा सुटल्यावर सायंतारात जाते. मदतनीस म्हणून नाव लिहिलंय. मास्तरांना संध्याकाळची पेज भरवायची, एवढंच काम मॅडमनी मला दिलंय.

पहिल्या दिवशी मी वाटी घेऊन गेले. ते भिंतीकडे तोंड करून होते. वयानं आकसलेला माणूस, कानामागे पांढरे केस, मानेवर सुरकुत्यांची बारीक जाळी. ढीग अजिबात नव्हता. मी तळहात एकमेकांवर घासले, आई घासते तसे, आणि उजवा हात त्यांच्या खांद्याच्या वर धरला. चार बोटं अंतर.

एक. दोन. तीन. पट्टा थरथरायला लागला. रिकामा वेळ. मीच ठेवलेलं नाव माझ्याच मनगटावर वाजत होतं. चार, पाच. हात दुखायला लागला. एवढ्या वेळात माझ्या किती क्लिपा झाल्या असत्या, हे मनात आलंच. आठ. नऊ. पट्टा लाल झाला. सदऱ्याच्या कापडाखाली खांदा दगडासारखा घट्ट होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. मी इतका वेळ कुणाकडे बघितलं नव्हतं. अकरा. बारा.

खांदा सैल पडला नाही.

मी हात काढून घेतला. वाटी खाली ठेवली. डोळे भरून आले होते आणि नाकही वाहायला लागलं होतं. मागे चाकांचा आवाज आला. आई धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत दारातून चालली होती. तिला आत यायची परवानगी नाही. ती उंबऱ्यापाशी थांबली.

‘‘नाही म्हणाले,’’ मी म्हटलं.

तिनं मास्तरांच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्या लाल पट्ट्याकडे.

‘‘अंग उडालं का त्यांचं?’’

मी मान हलवली. नव्हतं उडालं.

‘‘मग नीट विचारलंस,’’ ती म्हणाली. ‘‘बस तिथंच. पेज गार झाली की परत विचार.’’

मी स्टूल ओढलं आणि बसले.